मोबाइलचा टॉवर बंद पडला तरी निरोप जाईल का? जूचंद्रच्या डोंगरावरून समजून घेऊ बिनइंटरनेटचं रेडिओ जाळं

जूचंद्र (ता. वसई) : पावसाळ्यात आपल्याकडे सगळं ठरलेल्या क्रमाने जातं. आधी वीज जाते. मग घरातलं वायफाय. मग दोन-चार तासांनी मोबाइलच्या कांड्या एकेक करून उतरतात आणि शेवटी पाटी येते, 'नो सर्व्हिस'. फोन हातात आहे, बॅटरी साठ टक्के आहे, पण पलीकडच्या पाड्यात पाणी किती चढलं ते विचारायची सोय नाही.

जुलै २०१८ आठवतोय ना? नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडली, वसई-विरारच्या मोठ्या भागात वीज बंद ठेवावी लागली आणि मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली. त्या दिवसांत सगळ्यात जास्त हाल कशाचे झाले असं विचारलं तर पाणी, दूध, लाइट असं कुणीही सांगेल. पण त्याच्या आधीचं एक आहे. आपण कुठे अडकलोय हे बाहेर कळवता येणं. ते झालं नाही तर बोट असूनही उपयोग नाही, कारण बोटवाल्याला कुठे जायचं तेच माहीत नसतं.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्या कोकणातलंच. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हा महाड पाण्याखाली होतं, रस्ते तुटले होते, वीज आणि मोबाइल कोलमडले होते. बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रेडिओ असता तर दरड थांबली नसती, रस्ताही उघडला नसता, हे सरळ मान्य करू. पण बातमी बाहेर पडायला जो वेळ गेला, तेवढा तरी वाचवता येतो का, हा प्रश्न उरतोच.

जगभरात काही हौशी लोकांनी याच प्रश्नावर काम केलंय आणि ते फुकट वाटलंय. आज त्याबद्दल.

टॉवर बंद का पडतो

मोबाइलचा टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा नाही. त्याला वीज लागते आणि त्याला मुख्य केंद्राशी जोडणारी केबल किंवा दुसरा दुवा लागतो. वीज गेली की बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेलचा जनरेटर. रस्त्यावर कंबरभर पाणी असेल तर डिझेल घेऊन कोण जाणार? आणि जनरेटर चालू असला तरी कुठेतरी केबल तुटली की टॉवर उभा असून मुका. म्हणजे तुमच्या शेजारच्या घरात फोन करायचा तरी आवाज आधी कुठल्यातरी लांबच्या केंद्रात जाऊन परत येतो. मधला एक दुवा तुटला की दहा पावलांवरचा माणूसही 'आउट ऑफ कव्हरेज'.

(एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो. मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर सगळ्या ग्राहकांना खुले करायला सांगू शकतं. त्यामुळे रेंज गेली तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने शोधा, दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर निवडून बघा. फुकट आहे, एक मिनिट लागतं.)

मग हे जाळं कसं चालतं

यातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाचं नाव मेशटॅस्टिक. केव्हिन हेस्टर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने तो २०२० च्या सुमारास सुरू केला. सुरुवातीचा विचार आपत्तीचा नव्हता. डोंगरात भटकणाऱ्या, बर्फावर स्की करणाऱ्या मित्रांना रेंज नसताना एकमेकांचा पत्ता लागावा, एवढंच. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. कंपनीने दुकान बंद केलं म्हणून तुमची डबी बंद पडली, असं होत नाही. आज जगभरचे स्वयंसेवक त्यात भर घालतात.

लागते ती एक छोटी डबी. आत रेडिओची चिप, बॅटरी आणि बाहेर वीतभर अँटेना. साधारण दोन ते चार हजार रुपयांत सुटा बोर्ड मिळतो. यात सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही. तुमचा नेहमीचा मोबाइल ब्लूटूथने या डबीला जोडायचा, ॲपमध्ये व्हॉट्सॲपसारखा मेसेज टाइप करायचा, डबी तो रेडिओने फेकते. समोरची डबी तो पकडते आणि तिला जोडलेल्या मोबाइलवर दाखवते. या डब्यांना 'नोड' म्हणतात.

खरी गंमत मधल्या डब्यांची. भातशेतीत काम करताना लांबच्या बांधावरच्या माणसाला निरोप द्यायचा असेल तर आपण काय करतो? हाळी देतो. ती मधला ऐकतो आणि पुढे हाळी देतो. इथे तेच. प्रत्येक डबी ऐकलेला निरोप पुन्हा फेकते, पण त्याआधी जरा थांबून कानोसा घेते. दुसऱ्या कुणी तो आधीच पुढे फेकला असेल तर ही गप्प बसते. आणि ज्या डबीला मूळ आवाज क्षीण ऐकू आला, म्हणजे जी बहुधा लांब आहे, ती आधी फेकते, म्हणजे एका उडीत निरोप लांब जातो. अशा तीन उड्या नेहमीच्या सेटिंगमध्ये मिळतात, फार तर सात करता येतात. सात दिसतात म्हणून सात करू नका. सगळेच पुन्हा पुन्हा ओरडायला लागले की बाजारात होतो तसा गोंगाट होतो आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

एवढ्या कमी ताकदीत आवाज लांब कसा जातो? या तंत्राला लोरा म्हणतात, 'लाँग रेंज'चं लघुरूप. साधा रेडिओ एका सुरात बोलतो. लोराची लहर शिट्टीसारखी खालून वर चढत जाते. गोंगाटात साधा आवाज हरवतो, पण चढत जाणारी शिट्टी कानाला वेगळी कळते, तसंच. त्याची किंमत म्हणजे वेग. सेकंदाला हजारेक बिट. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज विसरा. फक्त मजकूर आणि लोकेशन.

मराठीत लिहिलं की जागा लवकर संपते

ही गोष्ट इंग्रजी माहितीत कुठे ठळक सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. एका मेसेजला साधारण दोनशे बाइट जागा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना, वेलांटी, मात्रा हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'टिवरी शाळेत ४० लोक, पाणी कमरेला, दोन आजारी' एवढा निरोप देवनागरीत १०८ बाइट होतो. तोच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवला तर ४४. म्हणजे निम्म्याहून कमी, आणि हवेतही तेवढाच कमी वेळ. मराठीत लिहू नका असं सांगत नाही. पण 'नमस्कार, मी अमुक बोलतोय, आपणास कळविण्यात येते की' ही सवय इथे चालायची नाही. जागा, माणसं, पाणी, काय हवं. बस.

जूचंद्र याला बरं का आहे

रेडिओला पैसा कमी आणि उंची जास्त लागते. नायगावच्या इमारतींच्या दाटीत हातातली डबी एक-दोन किलोमीटरवर दम टाकते. काँक्रीट अडवतं, पावसात भिजलेली झाडीही अडवते. पण दोन उंच जागा एकमेकांना दिसत असतील तर तीच डबी दहा-वीस किलोमीटर सहज जाते. परदेशात हौशी लोकांनी डोंगरावरून डोंगरावर तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर गाठलंय. तो विक्रम झाला, आपल्याला त्याची गरज नाही.

आपल्याकडे चंडिकादेवीचा डोंगर आहे. गावात उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं. खाडीकडची मिठागरं, रेल्वेचा पट्टा, नायगाव-वसईच्या उंच इमारती. अशा ठिकाणी, देवस्थान आणि ग्रामस्थांच्या संमतीने, एक सोलरवरची डबी बसली तर जूचंद्र, चंद्रपाडा, टिवरी, बापाणे इथल्या खालच्या डब्यांना ती मधला माणूस म्हणून पुरेल. नायगाव किंवा वसईतल्या एखाद्या उंच सोसायटीच्या गच्चीवर दुसरी. म्हणजे गावाचा निरोप दोन उड्यांत शहरात, जिथे अजून कुठेतरी नेट चालू असण्याची शक्यता जास्त.

रांगोळीच्या गावाला एक गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. मोठी रांगोळी एकट्याने होत नाही, आणि आधी ठिपके नीट पडले नाहीत तर रंग कितीही चांगला असो, उपयोग नाही. डब्यांचंही तसंच. वीस जणांनी वीस डब्या घेऊन घरातल्या कपाटात ठेवल्या तर ते जाळं नाही. चार डब्या योग्य उंचीवर असतील तर ते जाळं.

तुंगारेश्वरच्या पलीकडचं मात्र सोपं नाही. पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला डोंगराची आड आहे, आणि नेमकं तिथेच तानसेचं पाणी पांढरतारा पुलावरून वाहायला लागलं की गावं तुटतात. तिथे निरोप न्यायचा तर डोंगराच्या धारेवर डबी हवी. ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे खांबच काय, खिळाही ठोकायचा नाही. हौसेच्या भरात झाडाला डबी बांधून येणारी पोरं असतात, म्हणून लिहिलं.

कायदा काय म्हणतो

रेडिओ म्हटलं की आपल्याकडे लोक घाबरतात, आणि ते अगदीच चूक नाही. वॉकीटॉकी ऑनलाइन मागवली म्हणजे ती वापरायला परवानगी मिळाली असं होत नाही. लोरासाठी मात्र सरकारने वाट मोकळी ठेवलीय. २००५ च्या नियमांनी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी विनापरवाना केला, पुढे तो ८६८ पर्यंत वाढला. अट अशी की यंत्राची ताकद एक वॅटच्या आत आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत.

इथे एक गोम आहे. मेशटॅस्टिकची मूळ सेटिंग 'लाँग फास्ट' २५० किलोहर्ट्झ रुंदी वापरते. त्यामुळे 'लाँग मॉडरेट' निवडलेलं बरं, तिची रुंदी १२५ आहे. थोडी हळू, पण लांब जाणारी. गटातल्या सगळ्यांनी एकच निवडायची, नाहीतर डब्या शेजारी ठेवल्या तरी एकमेकींशी बोलणार नाहीत. ॲपमध्ये देश भारत निवडायचा. यूट्यूबवर बघून अमेरिकेची सेटिंग ठेवाल तर ती ९०२ ते ९२८ मध्ये बोलते आणि त्यातला काही भाग आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचा आहे. तिथे मधे बोललात तर अडचण. डबी घेताना तिला दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची उपकरण मंजुरी आहे का हे विक्रेत्याला विचारा. तो 'चालतंय हो' म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा.

तसंच मेशकोर नावाचा याच धर्तीचा दुसरा प्रकल्प आलाय. तोही चांगला आहे, पण मेशटॅस्टिकशी त्याचं बोलणं होत नाही. गावाने एकच ठरवायचा.

हॅमवाले आधीपासून आहेत

हे सगळं नवीन वाटत असलं तरी आपत्तीत रेडिओ घेऊन धावणारी स्वयंसेवकांची जात जुनी आहे. त्यांना हॅम म्हणतात. केंद्र सरकारची परीक्षा देऊन लायसन्स मिळतं, वयाची अट फक्त बारा वर्षं पूर्ण. मग व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्री ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भुज भूकंपात हॅमवाले मदतीला होते.

सगळ्यात गाजलेली गोष्ट अंदमानची. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर आपला गट घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू हौसेचा. अंदमानातून रेडिओवर बोलायला सहसा परवानगी मिळत नसे, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला रांगा लावून होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन गेले. हौसेसाठी लावलेला तोच रेडिओ मग बेटांवरून मुख्य भूमीला निरोप द्यायला लागला. माणसं जिवंत आहेत का, कुठे आहेत, ही विचारपूस दिवसेंदिवस त्यावरून चालली.

यातली महत्त्वाची गोष्ट यंत्राची नाही. त्या सकाळी रेडिओ आधीच उभा होता आणि चालवणाऱ्यांचा हात बसलेला होता. त्सुनामी आल्यावर कुणी पेटी उघडून माहितीपत्रक वाचत बसलं नव्हतं.

हॅम आणि लोरा डबी यात निवड करायची नाही. हॅमवर प्रत्यक्ष बोलता येतं, अंतर जास्त मिळतं, पण लायसन्स लागतं. डबी कुणीही वापरू शकतो, पण ती फक्त अक्षरं नेते. गावातल्या दोन-तीन कॉलेजच्या पोरापोरींनी हॅमची परीक्षा दिली आणि बाकीच्यांकडे डब्या असल्या तर उत्तम.

काय होणार नाही

पहिलं, या जाळ्यातून ११२ लागत नाही. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ सुद्धा नाही. डबीतला निरोप डबीतच जातो. म्हणून दुसऱ्या टोकाला एक माणूस हवा, ज्याच्याकडे चालू फोन आहे आणि जो निरोप वाचून पुढे तहसील किंवा अग्निशमन दलाला कळवेल. हा माणूस कोण, हे पावसाआधी ठरलेलं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. आमच्या मते डबी घेण्याआधी या एका नावावर बैठक व्हायला हवी. तलाठी, पोलिसपाटील, प्रभागातले कर्मचारी यांच्या कानावर घातलेलं असेल तर संकटात 'तुम्ही कोण, ही माहिती कुठून आली' यात वेळ जात नाही.

दुसरं, निरोप पोहोचला की नाही हे नेहमी कळतंच असं नाही. समोरची डबी बंद असेल तर मेसेज सहसा हवेतच विरतो, व्हॉट्सॲपसारखा सर्व्हरवर वाट बघत बसत नाही. म्हणून वाचणाऱ्याने 'मिळाला' एवढं उलट लिहायची शिस्त हवी.

तिसरं, मूळ चॅनलची किल्ली सगळ्या जगाला माहीत असते. त्यावर लिहिलेलं कुणीही वाचतो. गावाने स्वतःचं चॅनल करायचं आणि त्याचा क्यूआर कोड ओळखीच्यांनाच द्यायचा. लोकेशन पाठवणं सुरुवातीला बंद ठेवा. घरातली बाई एकटी आहे आणि तिची डबी दर काही मिनिटांनी पत्ता जाहीर करतेय, हे कुणालाच नको असेल.

आणि सोलरचं एक. नेटवर दिसणारी तळहाताएवढी सोलर प्लेट कॅलिफोर्नियाच्या उन्हासाठी आहे. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि डबीची गरज नेमकी तेव्हाच. डोंगरावरच्या डबीला कमी वीज खाणारी नॉर्डिकची चिप घ्या, प्लेट मोठी घ्या, सेल एकाऐवजी तीन-चार टाका. डबीचं तोंड खाली ठेवा, सांधे सिलिकॉनने बंद करा. खारी हवा वायरीचं तांबं हिरवं करते हे मिठागराशेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको. विजांच्या दिवसांत उंच खांबाजवळ जायचं नाही, मग डबी बंद पडली तरी चालेल. आणि अँटेना लावल्याशिवाय डबी चालू करायची नाही. आतली चिप जळू शकते, आणि नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी होणारी चूक हीच.

सुरुवात करायची तर

दोन डब्यांनी करा. एक घरात, एक घेऊन गावभर चाला. कुठून निरोप गेला, कुठे अडला, हे कागदावर नकाशा काढून लिहा. मग डोंगरावर चढून तेच करा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि तिसरी डबी कुठे हवी तेही तो कागदच सांगेल. उन्हाळ्यात सगळीकडून चांगलं येतं, म्हणून फसू नका. एकदा भर पावसात पुन्हा फिरायचं.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाने एक मेसेज टाकायचा. नाव आणि 'ठीक'. ज्याचा आला नाही त्याच्याकडे जाऊन बघायचं. बॅटरी उतरली असेल, पोराने अँटेना काढून खेळायला घेतली असेल, किंवा शेजारी नवी इमारत उभी राहिली असेल.